बेळगाव सीमाभागातील कोरडवाहू शेती आणि पाण्याचा वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अथणी, कागवाड, रायबाग, चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी, गोकाक, सौंदत्ती आणि रामदुर्ग या तालुक्यांतील मराठी शेतकरी पाण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरांत आकडेमोड जरा जास्त आहे. ती टाळता आली असती, परंतु बोअर आणि पाईपलाईनसाठी काढलेली बरीच कर्जे हा हिशेब न मांडताच काढलेली असतात, असे आमचे मत असल्यामुळे ती मुद्दाम ठेवली आहे.

बेळगाव जिल्ह्यात एवढ्या नद्या असताना या भागाला कोरडवाहू का म्हणायचे?

जिल्हा एक असला तरी त्यातला पाऊस एकसारखा नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या आसपास वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बेळगाव शहर मागे टाकून पूर्वेकडे निघाले की तो झपाट्याने उतरत जातो आणि अथणीला पोहोचेपर्यंत साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. कोरडेपणा मात्र केवळ पावसावरून ठरवत नाहीत. पडलेल्या पावसाला, वर्षभरात ऊन आणि वारा जमिनीतून व पिकांतून जितके पाणी उडवून नेऊ शकतात त्या आकड्याने भागतात, आणि भागाकार ०.२० ते ०.५० यांच्या दरम्यान आला तर तो प्रदेश निमशुष्क समजला जातो. पूर्वेकडील तालुक्यांत हवा वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाणी ओढून घेऊ शकते, त्यामुळे ते याच वर्गात बसतात.

नद्यांचे म्हणाल तर कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी या सगळ्या सह्याद्रीतले पाणी घेऊन येतात. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचे धरण भरते. म्हणून धरण भरल्याची बातमी वाचताना सौंदत्तीच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात पेरणीपुरतीही ओल नसते, असे अनेकदा घडते. कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ साली महापुरांनी उभी पिके कुजवली, आणि त्याच अथणी तालुक्याचा पूर्व भाग उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. पूर आणि दुष्काळ यांची गावे येथे वीस-तीस किलोमीटरच्या अंतराने शेजारी आहेत, ही गोष्ट लक्षात घेतल्याखेरीज या जिल्ह्याचा कोणताही सरासरी आकडा वाचण्यात अर्थ नाही.

पावसाचे मिलिमीटर समजत नाहीत. माझ्या एका एकरात त्यातून किती पाणी येते?

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ४,०४७ लिटर पाणी मिळते. साडेपाचशे मिलिमीटरचे गणित केले तर एका एकरावर वर्षभरात साधारण २२ लाख लिटर पाणी पडते. हा आकडा ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण एवढे पाणी आपल्या रानात आले होते हे कधी जाणवतच नाही; त्यातले काही ओढ्याला वाहून जाते, काही पेरणीपूर्वीच उडून जाते आणि काही जमिनीत राहते.

याच मापाने पिकांची गरज पाहावी. पूर्ण उत्पादनासाठी ज्वारीला ४५० ते ६५० मिलिमीटर, मक्याला ५०० ते ८०० मिलिमीटर आणि उसाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. लिटरमध्ये सांगायचे तर ज्वारी एकरी १८ ते २६ लाखांत भागते आणि ऊस ६० लाखांपासून एक कोटीपर्यंत जातो. ज्वारीची गरज पावसाच्या आवाक्यात आहे. उसाची गरज पावसाच्या तिप्पट-चौपट आहे, आणि ती वरची भर कोठून तरी आणावी लागते.

मग ऊस लावूच नये, असे तुमचे म्हणणे आहे काय?

ती भर कोठून येते यावर हे उत्तर अवलंबून आहे. नदीकाठी किंवा घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या कालव्यावर, जेथे वरून आलेले पाणी नियमाने मिळते, तेथील ऊस आणि अथणीच्या माळावर सहाशे फुटांच्या बोअरवर जगवलेला ऊस हे दिसायला एकच पीक असले तरी पाण्याच्या हिशेबात त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

बोअरचा हिशेब असा. या जिल्ह्याच्या उत्तर भागात दख्खनचा काळा पाषाण आहे. अशा खडकात पावसाच्या साधारण ७ ते १३ टक्के पाणी भूजलात मुरते, असे भूजलाचा अंदाज बांधताना धरले जाते. पोकळ्या आणि सांधे असलेल्या खडकात वरचा आकडा, झिजलेल्या साध्या पाषाणात खालचा. साडेपाचशे मिलिमीटर पावसावर ही भर वर्षाला सुमारे ३८ ते ७१ मिलिमीटर होते. उसाची कमीत कमी गरज दीड हजार धरली, त्यातले साडेचारशे पावसाने भागवले आणि पाटाने दिलेल्या पाण्यातले थोडे पुन्हा खाली मुरले असे उदारपणे मानले, तरी हजार मिलिमीटर बोअरमधून काढावे लागतात. म्हणजे एक एकर ऊस पिकवण्यासाठी पंधरा ते पंचवीस एकर जमिनीत वर्षभर मुरलेले पाणी खर्ची पडते. तुमची स्वतःची जमीन चार एकर असेल, तर उरलेले पाणी शेजाऱ्यांच्या शिवारातून किंवा मागच्या पिढ्यांच्या साठ्यातून येत असते. पहिली तीन-चार वर्षे हे जाणवत नाही. नंतर सगळ्या शिवाराचे बोअर एकाच उन्हाळ्यात फेस सोडू लागतात आणि मग प्रत्येक जण आणखी खोल जातो.

तरीही शेतकरी ऊस का लावतो, हे न सांगता हा हिशेब मांडणे अन्यायाचे होईल. उसाला ठरलेला खरेदीदार आहे, दर आधी जाहीर होतो, पीक वाऱ्यापावसात बऱ्यापैकी तग धरते, सोसायटी त्यावर कर्ज देते, आणि नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्या माणसालाही ते सांभाळता येते. ज्वारीला, तुरीला किंवा करडईला अशी एकही सोय मिळवून न देता नुसते ‘ऊस सोडा’ असे सांगणारा सल्ला अर्धवट आहे, मग तो कितीही मोठ्या व्यासपीठावरून दिलेला असो.

बोअरवर ऊस असेलच तर निदान इतके करावे: सतरा-अठरा महिने रानात राहणाऱ्या आडसालीऐवजी बारा महिन्यांचा सुरू ऊस घ्यावा, खोडव्यातले पाचट पेटवून न देता सरीआड पसरावे, पट्टा पद्धतीने लावून मधल्या जागेत हरभरा किंवा भुईमूग घ्यावा, आणि उन्हाळ्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत बोअर जितके पाणी देतो तेवढ्यावरच क्षेत्र ठरवावे. बहुतेक जण क्षेत्र ठरवतात ते दिवाळीतले पाणी पाहून.

पाणी न देता रब्बीचा शाळू येतो तरी कसा?

तो जमिनीत साठलेल्या ओलीवर येतो. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी मावते, म्हणजे एकरी सहा ते आठ लाख लिटर. पूर्ण उत्पादनाला लागणाऱ्या पाण्यापेक्षा हे कमी आहे, परंतु शाळू कमी पाण्यात कमी उतारा देतो आणि तरीही देतो, कडब्यासह. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना टिकून आहे, ती याच गुणामुळे आणि भाकरीच्या चवीमुळे. कोरडवाहू शेतीवरचे या भागातील संशोधन १९३०च्या दशकात सोलापूर आणि विजापूर येथे सुरू झाले. त्या वेळी ही दोन्ही ठिकाणे आणि बेळगाव एकाच मुंबई इलाख्यात होती, त्यामुळे दोन्हीकडच्या शिफारशी आजही एकमेकींशी जुळतात.

खरे काम पेरणीच्या आधी होते. खरिपात रान पडीक ठेवणार असाल, तर जुलै-ऑगस्टमध्ये कुळवाची पाळी देऊन उताराला आडवे छोटे चौकोनी वाफे पाडावेत. विजापूरच्या केंद्राने तीन ते साडेचार मीटर बाजूचे वाफे सुचवले आहेत. प्रत्येक वाफ्यात पडलेला पाऊस तेथेच थांबतो आणि खाली उतरतो. पेरणीच्या वेळी वाफे मोडून रान सपाट करायचे. ज्यांच्याकडे हे होत नाही त्यांनी निदान नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करावी. उतारावर वरून खाली पेरलेल्या ओळी म्हणजे पाण्याला करून दिलेल्या वाटाच असतात, आणि तशी पेरणी केवळ ट्रॅक्टर वळवायला सोपे जाते म्हणून सर्रास केली जाते.

पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकावी. हस्ताच्या पावसाची वाट पाहत राहणे हा जुना मोह आहे. तो पाऊस आला तर उत्तमच, परंतु वापसा असताना केवळ त्याच्या भरवशावर तिफण थांबवून ठेवली तर वरच्या थरातली ओल निघून जाते आणि बी कोरड्यात पडते.

यानंतरची कोळपणी पुष्कळ जण तणापुरती समजतात. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने करावी, अशी शिफारस आहे. या क्रमामागे कारण आहे. सुरुवातीला रोप कोवळे असते आणि वरची ढेपाळ माती फक्त हलवून तिचा मऊ थर करायचा असतो, जेणेकरून खालची ओल वर चढून उडणार नाही. आठव्या आठवड्यापर्यंत काळ्या रानाला भेगा पडू लागतात. काही भेगांत हात मनगटापर्यंत जातो आणि आत गार, ओलसर माती लागते. ती ओल त्याच भेगेतून दिवसभर बाहेर पडत असते. दातेरी कोळपे माती सैल करून या भेगा बुजवते. ही तिसरी कोळपणी हल्ली सर्वांत जास्त चुकते, कारण कोळपी माळ्यावर असली तरी दावणीला बैल राहिलेले नाहीत आणि तोवर पीक उंच झाल्याने यंत्र आत घालता येत नाही. दोन-तीन घरांनी मिळून एक बैलजोडी ठेवण्याची व्यवस्था काही गावांत अजून चालते. जेथे ती मोडली आहे तेथे निदान पहिल्या दोन कोळपण्या छोट्या यंत्राने वेळेवर कराव्यात.

एकच पाणी देता येण्यासारखे असेल तर ते केव्हा द्यावे?

शाळूला ते पीक पोटरीत असताना (कणीस अजून पानांच्या आवरणात असते तेव्हा), म्हणजे पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. दोन देता येत असतील तर पहिले २८ ते ३० दिवसांनी आणि दुसरे पोटरीत. हरभऱ्याला फुले लागण्याच्या सुमारास एक आणि घाटे भरताना दुसरे पुरते. भारी जमिनीत हरभऱ्याला याहून जास्त पाणी दिले तर तो नुसता वाढत जातो आणि घाटे कमी धरतो.

आमची जमीन मुरमाड आहे. तिच्यासाठी यातले काय लागू पडते?

साठवणुकीचा भाग फारसा लागू पडत नाही. वीतभर मातीखाली मुरूम असेल तर ओल दोन-तीन आठवडेच टिकते, म्हणून तेथे रब्बीचा आग्रह सोडून खरिपात बाजरी, मटकी, हुलगा, मूग अशी लवकर निघणारी पिके घ्यावीत आणि बांधाच्या कडेने झाडे वाढवावीत. बाजरीत तुरीची ओळ टाकली तर मागच्या पावसाचाही उपयोग होतो. डाळिंब हलक्या जमिनीत चांगले येते, परंतु ते कोरडवाहू पीक आहे असे समजून लावू नये. उन्हाळ्यात ते पाणी मागतेच.

बोअर किती खोल मारावा, आणि जागा पाणाड्याकडून पाहून घ्यावी का?

काळ्या पाषाणात पाणी भूगर्भातल्या तळ्यासारखे साठलेले नसते. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग पोकळ्यांचा, ठिसूळ असतो, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात, आणि मधला भाग अखंड कठीण असतो. पाणी झिजलेल्या वरच्या भागात, मांजऱ्यात आणि तडा गेलेल्या सांध्यांत मिळते. खोल गेले की सांधे कमी होतात आणि दाबून मिटलेले असतात. म्हणून चारशे फुटांवर कोरडा निघालेला बोअर आठशेवर नेला तर पाणी लागण्याची शक्यता फारशी वाढत नाही. गाडीवाल्याचे बिल मात्र निश्चित वाढते, कारण खोलीबरोबर दर फुटाचा भावही चढतो. कधी कधी खोलवर जोराचे पाणी लागते, ते खरे आहे, परंतु असे पाणी पुष्कळदा जुन्या काळापासून साठलेले असते आणि एकदा उपसले की तेवढ्या वेगाने भरून येत नाही. गोकाक, सौंदत्ती आणि रामदुर्गच्या भागात खडक वेगळा आहे. तेथे कलादगी मालेतले वालुकाश्म, गारगोटीसारखे कठीण खडक आणि चुनखडक सापडतात, त्यामुळे अथणीचा अनुभव रामदुर्गला लावता येत नाही.

पाणाड्याबद्दल श्रद्धेचा वाद येथे घालायचा नाही. हातावर नारळ उभा राहतो किंवा काडी वळते यामागे पाण्याचा संबंध असल्याचे चाचण्यांतून दिसलेले नाही. जुन्या पाणाड्यांपैकी काही जण ओढ्याचे वळण, उंबरासारखी झाडे आणि शेजारच्या विहिरींची पातळी नीट पाहून जागा सांगतात, आणि ते यशस्वी होतात ते या नजरेमुळे. तीच नजर भूवैज्ञानिकाकडे उपकरणांसह असते. शिवारातल्या चालू आणि बंद अशा सगळ्या बोअरची खोली, पाणी लागलेला फूट आणि वर्ष एका वहीत लिहून काढले, तर कोणालाही बोलावण्याआधीच निम्मे उत्तर मिळते.

कर्नाटकात २०११ चा भूजल कायदा लागू आहे आणि अधिसूचित क्षेत्रांत नवीन बोअर मारण्याआधी परवानगी घ्यावी लागते. कोरडा निघालेला बोअर उघडा ठेवू नये. अथणी तालुक्यातच २०१७ साली उघड्या बोअरमध्ये पडून एका लहान मुलीचा जीव गेला. लोखंडी झाकण बसवावे किंवा माती-दगडाने तो पूर्ण बुजवावा.

बंद पडलेल्या बोअरचे पुनर्भरण होते का?

होते, मात्र बोअरला कधी काळी पाणी होते अशा ठिकाणीच. पूर्ण कोरडा निघालेला बोअर पाणी देत नाही त्याच कारणाने पाणी घेतही नाही. केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाईपभोवती, साधारण दहा फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन केसिंगच्या खड्ड्यातल्या भागाला छिद्रे पाडावीत, त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळावी, आणि खड्डा तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड, खडी व सर्वांत वर वाळू असा भरावा. त्याच्या अलीकडे गाळ बसण्यासाठी दुसरा छोटा खड्डा आवश्यक आहे. तो वगळला तर दोन पावसाळ्यांत वाळूचा थर गाळाने बसतो. ओढ्याचे गढूळ पाणी थेट केसिंगमध्ये सोडणे, किंवा खत-औषधे मारलेल्या रानातले आणि गोठ्यातले पाणी वळवणे, हे कटाक्षाने टाळावे. त्याच बोअरच्या शेजारच्या आडातले पाणी कोणीतरी पीत असते.

शेततळे घ्यावे का? तीस बाय तीसच्या तळ्यात नेमके किती पाणी मावते?

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्याच्या कडांना एकास एक उतार दिला, तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पाटाने दिलेले एक हलके पाणी पन्नास मिलिमीटरचे धरले तर एकराला दोन लाख लिटर लागतात. कागदावर हे दहा-अकरा एकरांचे एक पाणी झाले. प्रत्यक्षात नऊशे चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडाले तरी रोजचे साडेचार हजार लिटर जातात, आणि अस्तर नसेल तर पाझर वेगळाच. म्हणून सहा-सात एकरांना एक संरक्षित पाणी, एवढीच अपेक्षा ठेवावी. पोटरीतल्या शाळूला किंवा फुलावर आलेल्या तुरीला हे एक पाणी हाताशी असणे ही छोटी गोष्ट नाही.

कर्नाटक सरकारने २०१४ साली सुरू केलेल्या कृषी भाग्य योजनेतून तळे, अस्तर, पंप आणि तुषार संच यांना मदत मिळत आली आहे. योजनेचा हेतू वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवणे हा होता. आता अथणी आणि शेजारच्या, महाराष्ट्रातील जत तालुक्यातही द्राक्षबागांच्या कडेला प्लास्टिक अंथरलेली मोठी तळी बोअरने भरलेली दिसतात. द्राक्षाला भर उन्हाळ्यात पाणी लागते आणि वीज अवेळी येते, ही बागायतदाराची अडचण समजण्यासारखी आहे. तरीही जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी उपसून उघड्यावर मांडून ठेवणे आणि त्याला जलसंधारण म्हणणे, हे दोन्ही एकदम करता येणार नाही.

ठिबक केल्याने पाणी वाचते ना?

तुमच्या एकरात वाचते. उसासारख्या पिकात पाटपाण्याच्या तुलनेत तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत बचत दिसते, खतही मुळाशी जाते आणि तण कमी राहते. शिवाराचे पाणी वाचते का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर पुष्कळदा नाही असे येते. दोन एकरांचे पाणी वाचले की शेतकरी तिसरा एकर बागायत करतो. पूर्वी पाटातून झिरपून विहिरीकडे परत जाणारे पाणीही आता पिकातून उडून जाते. वैयक्तिक उत्पन्न वाढते, बोअरची पातळी मात्र होती त्याच वेगाने उतरते.

यात विजेचा भाग मोठा आहे. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, आणि थ्री-फेज पुरवठा ठरावीक तासच, तोही बहुधा रात्री मिळतो. रात्री दोनला उठून रानात जाणे कोणालाही नको असते, म्हणून पंपाला ऑटो स्टार्टर बसवतात आणि वीज आली की पिकाला गरज असो वा नसो, पंप सुरू होतो. ठिबक बसवल्यावरही ही सवय सुटली नाही तर संचाचा उपयोग फारसा राहत नाही. साध्या टायमरने हा प्रश्न बराचसा सुटतो आणि त्याचा खर्च एका लॅटरलच्या बंडलापेक्षा जास्त नसतो.

या भागातले बोअरचे पाणी जड असल्यामुळे ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा क्षार साचतो. महिन्यातून एकदा लॅटरलची टोके सोडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावे, फिल्टरची चकती काढून धुवावी, आणि तरीही ओळीतली शेवटची झाडे मलूल दिसत असतील तर आम्लप्रक्रिया जाणकाराच्या उपस्थितीत करावी.

नदीकाठची आमची जमीन वर्षानुवर्षे पाणी देऊनही पिकेनाशी झाली आहे. असे का?

वर्षानुवर्षे पाणी दिल्यामुळेच. काळ्या जमिनीचा निचरा मंद असतो. दिलेले जादा पाणी खाली साचून पातळी वर येते, ते वर चढून उडते आणि क्षार मागे ठेवते. कृष्णाकाठच्या गावांत, सीमेच्या दोन्ही अंगांना, हे दृश्य सारखेच आहे. मातीची तपासणी केल्याशिवाय उपाय करू नये, कारण दोन रोग वेगळे आहेत. मातीची क्षारता म्हणजे ईसी ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त. तिला चर काढून किंवा सच्छिद्र पाईप पुरून निचरा दिला आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढले की ती सुधारते. सामू ८.५ च्या वर आणि सोडियमचे प्रमाण जास्त असेल तर ती चोपण. तिला निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. ईसी २.२५ च्या वर असलेले बोअरचे पाणी सतत देत राहिल्यास चांगली जमीनही या वाटेला लागते. एकट्याच्या रानातला निचरा शेजाऱ्याच्या बांधाशी अडतो, म्हणून ही कामे ओढ्यापर्यंतच्या सर्व शेतकऱ्यांनी मिळून केली तरच टिकतात.

उन्हाळ्यात महाराष्ट्राने कोयनेतून पाणी सोडावे अशी मागणी दरवर्षी होते. त्यावर आमचा हक्क आहे की नाही?

कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाच्या १९७६ सालच्या अंतिम निवाड्यात ७५ टक्के विश्वासार्हतेच्या, म्हणजे चारपैकी तीन वर्षे मिळेल अशा, २,०६० टीएमसी पाण्यापैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी मिळाले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. हे वाटप वर्षाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत नदी कोरडी पडल्यावर अथणी-रायबागच्या काठाला जे पाणी लागते, ते बहुतेक वेळा दोन राज्यांतील पत्रव्यवहार आणि समजुतीने सुटते. त्यातच कोयनेचे काही पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवले जाते, त्यालाही लवादाने ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली.

देवाणघेवाणीचा एक प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे: महाराष्ट्राने उन्हाळ्यात कृष्णेत पाणी सोडावे आणि कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर उपसा योजनेतून जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांना पाणी द्यावे. पाण्याच्या दृष्टीने ही कल्पना सरळ आहे, कारण जतची ती गावे कर्नाटकाच्या पाईपला जवळ आणि महाराष्ट्राच्या धरणांना लांब आहेत. ती अडते ती सीमाप्रश्नाच्या राजकारणात, आणि त्याची किंमत दोन्हीकडची तीच माणसे मोजतात ज्यांच्या नावाने ते राजकारण चालते.

नदीत पाणी सोडले तरी ते हिप्परगी बंधाऱ्यापर्यंत पोहोचताना वाटेतल्या असंख्य पंपांमधून जाते. म्हणून पाणी आले म्हणजे आपल्याला मिळाले, असे धरून उन्हाळी मका पेरू नये. २०२३ साली कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर केले, तेव्हा पिण्याच्या पाण्याला प्राधान्य देताना शेतीचे उपसे बंद करण्याची वेळ आली, आणि तशी वेळ पुन्हा येणार नाही असे मानायला आधार नाही.

योजनांसाठी कागदपत्रे कोठे द्यायची? अर्ज कन्नडमध्ये असतात, त्याचे काय करावे?

ठिबक, तुषार संच, तळे आणि बियाणे यांसाठी आपल्या होबळीतल्या, म्हणजे तालुक्याखालच्या महसुली विभागातल्या, रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याच्या कार्यालयात) जावे. बांधबंदिस्ती आणि छोट्या तळ्यांची कामे रोजगार हमीतून ग्रामपंचायतीमार्फतही होतात. फ्रूट्स या कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणी प्रणालीत नोंदणी झालेली असणे आवश्यक आहे. त्याखेरीज चालू उतारा, आधार, बँक पासबुक आणि ठिबकसाठी पाण्याच्या साधनाचा पुरावा लागतो. अनुदानाचे प्रमाण वर्षागणिक आणि प्रवर्गानुसार बदलते, त्यामुळे दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यावर विसंबून कोटेशनवर सही करू नये.

मराठी शेतकऱ्यांचे अर्ज अडकण्याचे नेहमीचे कारण नावाची जुळणी हे असते. उताऱ्यावर आजोबांचे नाव कन्नडमध्ये एका तऱ्हेने, आधारवर नातवाचे नाव इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने आणि पासबुकात आडनाव तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. वारसा नोंद राहिलेली असेल तर ती आधी तलाठ्याकडे करून घ्यावी. यात काही महिने जातात, म्हणून पेरणी उरकल्यावर लगेच हे काम हाती घेणे बरे. अर्ज भरताना कन्नड वाचता येणारे घरातले मूल सोबत न्यावे, प्रत्येक रकाना त्याच्याकडून वाचून घ्यावा, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर स्वतः तपासावा, आणि अर्ज दिल्याची तारीख व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.